संमती आणि शरणागती
प्रा. वसुधा धागमवार आणि फौजदारी कायद्याच्या चार अध्यापकांचे पत्र

१६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने वर्षभरापूर्वी दिलेला एक निकाल कायद्याला आणि न्यायाला धरून नाही, असे त्यांनी त्या पत्रात कारणांसह आणि स्वतःच्या सह्यांनिशी मांडले होते. पत्रावर उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांच्या सह्या होत्या. पहिले तिघे दिल्ली विद्यापीठातले, तर धागमवार पुण्याच्या. पत्र ज्यांना उद्देशून होते ते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड हेही पुण्याचेच. ज्या घटनेवरून हा खटला उभा राहिला ती विदर्भातली, आणि खटल्याचे नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’.

म्हणजे हा इतिहास सर्व अर्थांनी आपल्या महाराष्ट्राचा आहे. तरीही कायद्याच्या महाविद्यालयांबाहेर तो क्वचितच सांगितला जातो. आपल्या समाजातील मुले-मुली सनदी लेखापाल होतात, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षण घेतात, वकिलीकडेही वळतात. परंतु कायदा शिकवणे, त्यातही फौजदारी कायदा शिकवणे, हे आयुष्यभराचे कार्य म्हणून निवडणारा घरात कोणी निघाला तर आईवडिलांना प्रश्न पडतो की या अध्यापकीतून साधणार काय? या प्रश्नाचे उत्तर या चौघांच्या, आणि विशेषतः वसुधा धागमवार यांच्या, विद्याव्यासंगात सापडते. त्यापलीकडे त्यांनी शिकवलेला धडा आपल्या घरांच्या उंबऱ्याच्या आतही लागू पडतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला तास : कृती आणि भाव

फौजदारी कायद्याच्या अभ्यासाचा आरंभ एका साध्या तत्त्वाने होतो. गुन्हा सिद्ध होण्यास दोन गोष्टी लागतात : दोषयुक्त कृती आणि तिच्या मागे असलेले दोषयुक्त मन. शल्यविशारदाच्या हातून शस्त्रक्रियेच्या मेजावर रुग्ण दगावला आणि मारेकऱ्याच्या हातून वाटसरू मेला, तर दोन्हीकडे शस्त्र चालले आणि दोन्हीकडे मृत्यू झाला. कायदा मात्र या दोघांना एका मापाने मोजत नाही.

जैन वाचकाला हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा हा भेद आपल्या पाठशाळेत लहानपणीच शिकवला जातो. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केली ती केवळ प्राण जाण्यावर थांबत नाही. प्रमादयुक्त मन-वचन-कायेच्या व्यापारातून प्राणहानी झाली तर ती हिंसा, असे ते सांगतात. दिवसभर जाळे टाकून एकही मासा न मिळालेला धीवर आणि नांगर चालवताना असंख्य जीवांच्या हानीला निमित्त झालेला शेतकरी, यांत अधिक दोषी कोण, हा दृष्टांत चातुर्मासातील व्याख्यानांत अनेकांनी ऐकला असेल.

फौजदारी कायद्याचा अध्यापक हाच प्रश्न वर्षानुवर्षे निरनिराळ्या खटल्यांच्या आधारे विद्यार्थ्यांपुढे ठेवत असतो. मात्र काही गुन्हे असे आहेत की त्यांत आरोपीच्या मनाबरोबर दुसऱ्याही एका व्यक्तीच्या मनाचा शोध घ्यावा लागतो. घडले ते तिच्या संमतीने घडले की संमतीवाचून? संमती ही मनातली गोष्ट. ती न्यायालयाने कशावरून ओळखावी? १९७९ च्या पत्राचा सारा भर याच प्रश्नावर होता.

चौघांची तयारी

असे पत्र रागाच्या भरात लिहिता येत नाही. त्यामागे अनेक वर्षांचे वाचन असावे लागते, आणि ते या चौघांपाशी होते.

वसुधा धागमवार यांचा ग्रंथ ‘लॉ, पॉवर अँड जस्टिस’ १९७४ साली प्रसिद्ध झाला. भारतीय दंड संहिता व्यक्तीच्या हक्कांचे रक्षण कितपत करते, हा त्याचा विषय. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली या संहितेचा मसुदा तयार केला, १८६० मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले आणि १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. वकील आणि न्यायाधीश या संहितेकडे रोजच्या वापरातील साधन म्हणून पाहत. धागमवार यांनी तिच्याकडे इतिहासाच्या आणि सत्तेच्या अंगाने पाहिले. कायद्यातील शब्द सर्वांना सारखेच असले तरी ज्याच्या हाती सत्ता नाही त्याच्या वाट्याला त्यातले संरक्षण किती येते, हा प्रश्न त्यांच्या पुढील सर्व लेखनात पुनःपुन्हा येतो. हे पुस्तक १९९२ मध्ये पुन्हा निघाले.

रघुनाथ केळकर यांचे नाव फौजदारी प्रक्रिया शिकलेल्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. १८९८ ची जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. तिच्यावरील केळकरांचे पाठ्यपुस्तक देशभरच्या विधी महाविद्यालयांत वाचले जाऊ लागले. पुढे डॉ. के. एन. चंद्रशेखरन पिल्लई यांनी त्याच्या सुधारित आवृत्त्या सिद्ध केल्या, तरी विद्यार्थी आजही पुस्तकाला ‘केळकर’ याच नावाने ओळखतात. अटक कशी करावी, जबाब कोठे आणि कसा घ्यावा, जामीन केव्हा द्यावा, हा या शास्त्राचा विषय. पोलीस ठाण्याच्या दारात सामान्य माणसाचा कायद्याशी जो पहिला संबंध येतो, तो या प्रक्रियेतूनच येतो.

लोतिका सरकार यांनी केंब्रिज विद्यापीठातून कायद्यातील डॉक्टरेट मिळवली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. दिल्ली विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ फौजदारी कायदा शिकवला. भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने १९७१ मध्ये नेमलेल्या समितीच्या त्या सदस्य होत्या. या समितीच्या ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ या अहवालाने स्त्रीप्रश्नाच्या अभ्यासाला देशात नवी दिशा दिली. मूळचे राजकोटचे उपेंद्र बक्षी पुढे सुरत येथील दक्षिण गुजरात विद्यापीठाचे आणि नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

चौघांपैकी कोणीही त्या खटल्यात वकील नव्हते, पक्षकार नव्हते. त्यांनी वाचले ते केवळ छापलेले निकालपत्र.

देसाईगंजची रात्र

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणण्यात आले. आईवडील नसलेली ही मुलगी मोलमजुरी करून भावासोबत राहत होती. एका तरुणाशी तिचे लग्न ठरत होते आणि भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार दिली होती. वैद्यकीय तपासणीनुसार तिचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान होते. जबाब होईपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजून गेले. बाकीच्यांना जाण्यास सांगण्यात आले आणि तिला मागे थांबवून घेण्यात आले. त्यानंतर ठाण्याच्या आवारातच एका कॉन्स्टेबलने आपल्यावर बलात्कार केला आणि एका हेड कॉन्स्टेबलने विनयभंग केला, असे तिने बाहेर येऊन सांगितले.

या मुलीचे नाव अनेक पुस्तकांत आलेले आहे. येथे ते मुद्दाम दिलेले नाही. पीडितेचे नाव छापू नये, हा नियमही याच खटल्यानंतर झालेल्या कायद्याने घातला आहे, आणि त्याचा मान राखणे उचित होय.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोन्ही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला आणि एकास पाच वर्षे, तर दुसऱ्यास एक वर्ष शिक्षा दिली. भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे म्हणजे इच्छा नव्हे, अशी उच्च न्यायालयाची भूमिका होती. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नव्हत्या, ओरडल्याचे तिचे सांगणे न्यायालयास पटले नाही. यावरून संमती नसल्याचे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढून दोघांनाही मुक्त करण्यात आले.

देशातील सर्वोच्च न्यायपीठाचा निकाल लागला की त्यापुढे सामान्यतः पूर्णविराम पडतो. निकाल संग्रहात छापला जातो, विद्यार्थी तो पाठ करतात, खालची न्यायालये त्याचा आधार घेतात. चौघा अध्यापकांना याचीच चिंता वाटली. उद्या वर्गात हा निकाल शिकवताना विद्यार्थ्यांना काय सांगायचे?

पत्रातील तीन मुद्दे

पत्राचा पहिला मुद्दा संमतीचा होता. संमती देणाऱ्याने शरणागती पत्करलेली असते हे खरे, परंतु ज्याने शरणागती पत्करली त्याने संमती दिलीच असे म्हणता येत नाही. रात्रीची वेळ, बंद दार, समोर गणवेशातील सत्ताधारी आणि एकटी मुलगी. अशा ठिकाणी प्रतिकार झाला नाही यावरून संमती होती असे अनुमान काढणे तर्काला आणि कायद्यालाही धरून नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

दुसरा मुद्दा प्रक्रियेचा होता. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० नुसार साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर पोलिसांना स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र बोलावता येत नव्हते. नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात त्याच वर्षी, १९७८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेच या नियमाची कठोर शब्दांत आठवण दिली होती. मग या मुलीला रात्री ठाण्यात आणून थांबवून घेतले गेले, त्याविषयी निकालपत्रात निषेधाचा एक शब्दही का नसावा? प्रक्रिया संहिता शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात हे कलम येत असे. अध्यापकांनी न्यायालयाला त्याच कलमाची आठवण करून दिली.

तिसरा मुद्दा व्यक्तीच्या परिस्थितीचा होता. गरिबी, कोवळे वय, कायद्याचे अज्ञान, वकिलाची मदत नसणे आणि ठाण्याच्या भिंतींआड गरिबाला वाटणारी धास्ती, यांपैकी कशाचाही विचार न करता तिच्या वर्तनाला एखाद्या सुशिक्षित, सुरक्षित नागरिकाचे माप लावणे अन्यायाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

पत्राची भाषा कडक होती, परंतु ती एकदाही पातळी सोडत नाही. त्यांनी न्यायालयाचा अधिकार नाकारला नाही, न्यायमूर्तींच्या हेतूवर शिंतोडे उडवले नाहीत. निकालातील तर्क मात्र एकेक करून तपासला. अधिकारपदाचा आदर आणि त्याच्या निर्णयाची चिकित्सा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य असतात, याचा तो वस्तुपाठ होता.

करार कायदा काय सांगतो

बँकेच्या कर्ज विभागात अनेक वर्षे काढलेल्या माणसाला या पत्रातील युक्तिवाद वाचताना एक निराळीच गोष्ट जाणवते. कायद्याला संमती आणि शरणागती यांतला भेद तोपर्यंत ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. पैशाच्या व्यवहारात तो केव्हाच मान्य झालेला होता.

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा. वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो अभ्यासलेला असतो. कलम १४ सांगते की संमती मुक्त हवी. बळजबरी, गैरवाजवी दबाव, कपट, चुकीची माहिती किंवा चूक यांमुळे मिळालेली संमती मुक्त नव्हे. कलम १६ त्यापुढे जाते. एकाची दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालावी अशी दोघांची स्थिती असेल, आणि झालेला व्यवहार वरकरणीच अन्यायाचा दिसत असेल, तर दबाव नव्हता हे सिद्ध करण्याचा भार त्या वरचढ पक्षावर येतो. अशी हुकमत कोणाची? ज्याच्या हाती दुसऱ्यावर खरा किंवा भासमान अधिकार आहे त्याची, असे कलमच सांगते. रात्री ठाण्यात समोर उभ्या असलेल्या पोलिसाहून याचे स्पष्ट उदाहरण कोणते?

पडदानशीन स्त्रियांच्या दस्तऐवजांबाबत तर न्यायालये याहून दक्ष राहिली. अशा स्त्रीने लिहून दिलेल्या दस्ताचा आधार जो घेईल त्याने ती मजकूर समजून, आपखुशीने सही करीत होती हे दाखवावे, असा दंडक ब्रिटिश काळापासून चालत आला. म्हणजे स्त्रीच्या शेतीवाडीवर, दागिन्यांवर गदा आली तर तिच्या मौनाचा अर्थ लावताना कायदा सावध होता. तिच्या देहाचा प्रश्न आला तेव्हा मात्र ही सावधगिरी दिसली नाही. मालमत्तेच्या कायद्यात शंभर वर्षे मान्य असलेले तत्त्व फौजदारी कायद्यात आणावे, एवढीच खरे तर त्या पत्राची मागणी होती, आणि तिच्यात क्रांतिकारक असे काही नव्हते. ती इतकी साधी होती, म्हणूनच ती नाकारणे पुढे कोणालाही अवघड गेले.

पत्रानंतर

सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल बदलला नाही. त्या मुलीला न्यायालयाकडून न्याय मिळाला नाही, ही वस्तुस्थिती कोणत्याही पत्राने पुसली जाणार नाही. परंतु पत्र न्यायालयाच्या दप्तरात राहिले नाही. ते छापले गेले, भाषांतरित झाले, महिलांच्या बैठकांत वाचले गेले. ८ मार्च १९८० रोजी महिलादिनी अनेक शहरांत मोर्चे निघाले आणि खटल्याच्या फेरविचाराची मागणी झाली. एप्रिल १९८० मध्ये विधी आयोगाने आपला ८४ वा अहवाल याच विषयावर सादर केला. त्याच वर्षी संसदेत विधेयक आले.

१९८३ चा फौजदारी कायदा सुधारणा अधिनियम हे त्याचे फळ. पोलीस कोठडीत, तुरुंगात, रुग्णालयात, म्हणजे जेथे एकाची दुसऱ्यावर सत्ता चालते तेथे झालेल्या बलात्कारासाठी किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. अशा खटल्यांची सुनावणी बंद दालनात घेण्याची तरतूद झाली. दंड संहितेत कलम २२८-अ आले आणि पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरले. पुरावा अधिनियमात कलम ११४-अ आले : अशा कोठडीतील प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे. तसे नव्हते हे दाखवण्याचा भार आरोपीवर गेला. करार कायद्याच्या कलम १६ शी याचे साम्य कोणाच्याही ध्यानात यावे.

पुढचे पाऊल २०१३ च्या सुधारणेने उचलले. संमती म्हणजे शब्दांनी, खुणेने किंवा अन्य रीतीने दिलेली निःसंदिग्ध आणि ऐच्छिक अनुमती, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हे कायद्याच्या पुस्तकात शब्दशः आले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून हीच व्याख्या तिच्या कलम ६३ मध्ये आहे. कलम ११४-अ मधील गृहीतक भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आले आहे. कलमांचे क्रमांक बदलले, तरी चार अध्यापकांनी मांडलेला भेद टिकून आहे.

विद्यापीठातून अक्राणीकडे

पत्रामुळे वसुधा धागमवार यांचे नाव सर्वत्र झाले. परंतु त्यावर समाधान मानून त्या थांबल्या नाहीत. ज्यांच्यासाठी कायदा केला जातो त्यांनाच तो ठाऊक नसतो, ही गोष्ट त्यांना सतत टोचत असावी, असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. १९८५ मध्ये त्यांनी दिल्लीत ‘मल्टिपल ॲक्शन रिसर्च ग्रुप’, म्हणजेच ‘मार्ग’, ही संस्था स्थापन केली. सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत कायद्याची माहिती देणे हे तिच्या प्रमुख कामांपैकी एक. सरदार सरोवर प्रकल्पामुळे ज्यांची घरे-शेते पाण्याखाली जाणार होती त्या मध्य प्रदेशातील गावकऱ्यांना आपल्या हक्कांविषयी आणि पुनर्वसनाविषयी नेमके काय माहीत आहे, याची पाहणी ‘मार्ग’ने गावोगाव जाऊन केली. विस्थापिताची संमती विचारायची तर आधी त्याला माहिती द्यावी लागते. माहितीवाचून दिलेला होकार हाही मुक्त होकार नव्हे, हे सूत्र येथेही तेच आहे.

आपल्या नाशिक विभागाशी त्यांच्या अभ्यासाचे नाते विशेष जवळचे आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘रोल अँड इमेज ऑफ लॉ इन इंडिया’ या ग्रंथात आदिवासींनी कायदा कसा अनुभवला याचा शोध आहे. त्यात झारखंडच्या आदिवासींबरोबर आपल्या अक्राणीच्या भिल्लांचाही समावेश आहे. पूर्वी धुळे आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात असलेला हा सातपुड्यातील डोंगराळ मुलूख. जंगलाचा कायदा, जमिनीचा कायदा, दंडाचा कायदा हे सारे बाहेरून आलेले. ज्याला या कायद्यांची भाषा कळत नाही, त्याला त्यांचे रूप दिसते ते वनरक्षकाच्या आणि पोलिसाच्या गणवेशात. १९७४ च्या ग्रंथात सत्ता आणि न्याय यांविषयी जो प्रश्न त्यांनी मांडला होता, तोच तीन दशकांनी सातपुड्याच्या वाड्या-पाड्यांतून पुन्हा उभा राहिला.

फौजदारी न्यायव्यवस्थेवर त्यांनी लिहिलेले ‘क्रिमिनल जस्टिस ऑर केऑस?’ हे पुस्तक १९९७ चे, तर समान नागरी कायद्यावरील ग्रंथ १९८९ चा. लोतिका सरकार यांचे फेब्रुवारी २०१३ मध्ये आणि धागमवार यांचे फेब्रुवारी २०१४ मध्ये निधन झाले. कोणत्याही न्यायासनावर न बसता या दोघींनी न्यायासनाची दृष्टी बदलण्यास हातभार लावला.

आपल्या घरातील सही

त्र्यंबक रस्त्यावरून जाताना महाराष्ट्र पोलीस अकादमीचे विस्तीर्ण आवार आपण नेहमी पाहतो. राज्यातले भावी पोलीस उपनिरीक्षक तेथे प्रशिक्षण घेतात आणि त्यांच्या अभ्यासात फौजदारी कायदा असतो. तेथे शिकवला जाणारा संमतीचा अर्थ आज १९७२ सालचा राहिलेला नाही, याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत हे चार अध्यापक अग्रभागी आहेत.

परंतु हा विषय केवळ पोलिसांचा नाही. आपल्या धर्मात तिसऱ्या व्रताचे जे नाव आहे त्याकडे लक्ष द्यावे. चोरी न करणे असा त्याचा ढोबळ अर्थ आपण घेतो. मूळ शब्द मात्र अदत्तादान-विरमण असा आहे. अदत्त म्हणजे न दिलेले. जे दिले गेलेले नाही ते न घेणे, हे ते व्रत. येथे घेणाऱ्याने कसे घेतले एवढाच प्रश्न नाही. देणाऱ्याने ते दिले होते का, हाही प्रश्न आहे. समोरचा गप्प राहिला, अडवू शकला नाही, म्हणून ते ‘दत्त’ होत नाही.

आता हे माप आपल्या घरातील काही प्रसंगांना लावून पाहावे. वडिलांच्या पश्चात मुलीला हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी निबंधक कार्यालयात नेले जाते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा अधिनियमात मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला आहे, आणि हा अधिनियम जैनांनाही लागू आहे. कित्येक बहिणी आनंदाने सही करतात. भावाचे प्रेम, माहेरचे दार उघडे राहावे ही ओढ, हीही खरी कारणे आहेत. परंतु मिळकत किती, आपला हिस्सा किती, हे तिला कोणी सांगितले होते का? सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती त्या सहीमागे होती का? कर्जाच्या कागदांवर जामीनदार म्हणून सही करणाऱ्या गृहिणींच्या बाबतीतही हेच घडते. पतीने कागदावर बोट ठेवायचे आणि तिने तेथे नाव लिहायचे, हे दृश्य बँकेच्या मेजासमोर मी असंख्य वेळा पाहिले आहे. मुलीला स्थळ पसंत आहे का, असे चारचौघांत विचारून तिने मान खाली घातली की पेढे वाटणारी घरेही आपण पाहिली आहेत.

या प्रसंगांची तुलना देसाईगंजच्या अत्याचाराशी करण्याचा येथे हेतू नाही. ती अनुचित ठरेल. पण मौनाचा अर्थ होकार असा लावण्याची सवय जेथे घरात मुरते, तेथे ती ठाण्यात आणि न्यायालयातही पोहोचते. न्यायाधीश आणि पोलीस हेही कोणत्या ना कोणत्या घरातूनच आलेले असतात.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या स्वाध्याय मंडळांनी आणि महिला मंडळांनी वर्षातून एखादे सत्र शहरातील विधी महाविद्यालयाच्या अध्यापकांना बोलावून ठेवावे. तिसरे व्रत आणि कायद्यातील संमती हे दोन विषय एकत्र समजून घेतले, तर दोन्ही अधिक स्पष्ट होतील. दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. घरातील मुलीच्या, बहिणीच्या, सुनेच्या सहीचा कागद तयार झाला, तर तो आदल्या दिवशी तिच्या हाती द्यावा, तिला समजेल अशा भाषेत त्यातील मजकूर सांगावा, आणि ‘नाही म्हणालीस तरी या घरातले तुझे स्थान तेच राहील’ हे घरातील वडीलधाऱ्यांनी तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. त्यानंतर तिने जी सही केली असेल, ती खरोखर दिलेली असेल.